पदकवाले पियानो : एकोणिसाव्या शतकात ते लोकांपर्यंत कसे पोहोचवले गेले? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या पियानोचं झाकण उघडलं की आत बऱ्याचदा सोनेरी पदकांची रांग छापलेली दिसते. लंडन, पॅरिस, फिलाडेल्फिया, आणि प्रत्येकाखाली एक साल. ही पदकं कुठून आली, त्यांच्या जोरावर पियानो कसे विकले गेले आणि त्यातून संगीताच्या पदरात काय पडलं, याबद्दल वाचक पुन्हा पुन्हा विचारतात. इथली बहुतेक उत्तरं न्यूयॉर्कच्या स्टाइनवे अँड सन्स आणि बोस्टनच्या चिकरिंग अँड सन्स या दोन घराण्यांभोवती फिरतात. पदक मिळवणं आणि ते गाजवणं या दोन्ही गोष्टी त्यांच्याइतक्या हिरिरीने फार थोड्यांनी केल्या.

पियानोला पदक द्यायचं कोण?

मोठमोठी औद्योगिक प्रदर्शनं. १८५१ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये जे महाप्रदर्शन भरलं, तिथून ही प्रथा जोमाने सुरू झाली. वाफेची इंजिनं, कापडाचे माग, शेतीची अवजारं आणि त्याच छपराखाली पियानो. वाद्यांच्या परीक्षक मंडळात नुसते व्यापारी नव्हते. बर्लिओझसारखा संगीतकार आणि थालबर्गसारखा पियानोवादक त्यात बसला होता. त्या वर्षी पियानो बनवणाऱ्यांपैकी सर्वोच्च, म्हणजे कौन्सिल पदक मिळालं ते फक्त मूळच्या पॅरिसच्या एरार्ड कंपनीला. बोस्टनच्या चिकरिंगलाही त्याखालचं पदक मिळालं.

पुढे ही रीतच पडली. लंडन १८६२, पॅरिस १८६७, व्हिएन्ना १८७३, फिलाडेल्फिया १८७६, पुन्हा पॅरिस १८७८, सिडनी, मेलबर्न, आणि १८८३-८४ च्या हिवाळ्यात आपल्याकडे कोलकाताही. याशिवाय गावोगावचे छोटे मेळे होतेच. स्टाइनवेचं नाव पहिल्यांदा गाजलं ते अशाच एका स्थानिक मेळ्यात. १८५५ साली न्यूयॉर्कमध्ये अमेरिकन इन्स्टिट्यूटच्या प्रदर्शनात त्यांच्या चौकोनी पियानोला सुवर्णपदक मिळालं. कंपनी सुरू होऊन तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली होती.

पण पियानोत पदक देण्यासारखं नवं काय होतं?

या प्रश्नाला नीट उत्तर द्यायला हवं, कारण ही पदकं पोकळ नव्हती. जाहिरातबाजीच्या गोष्टी ऐकून वाचकाचा तसा समज होतो आणि तो कारागिरांवर अन्याय आहे.

जुन्या पियानोचा सांगाडा लाकडाचा असे. तारा जास्त ताणल्या की लाकूड वाकायचं, सूर उतरायचे. आवाज मोठा हवा तर तारा जाड हव्यात आणि त्या जास्त ताणायला हव्यात, पण लाकडाला ते पेलत नव्हतं. अमेरिकेत थंडीत घरं कोरडी ठणठणीत आणि उन्हाळ्यात दमट, त्यामुळे युरोपातून आणलेला पियानो तिथे फार दिवस सुरात राहत नसे. बोस्टनच्या जोनास चिकरिंगने बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, अखंड, एकाच ओतकामातला सांगाडा वापरला. चौकोनी पियानोसाठी त्याने १८४० साली पेटंट घेतलं आणि ग्रँडसाठी, म्हणजे आडव्या तारांच्या, पंखाच्या आकाराच्या मोठ्या पियानोसाठी, १८४३ साली. दुसरं मोठं पाऊल टाकलं धाकट्या हेन्री स्टाइनवेने. त्याने ग्रँड पियानोत खर्जाच्या तारा इतर तारांच्या वरून तिरप्या नेल्या आणि पंख्यासारख्या पसरल्या. त्याचं पेटंट डिसेंबर १८५९ चं. अशा मांडणीत खर्जाच्या तारा लांब ठेवता आल्या आणि त्यांचा पूल, म्हणजे तारांचा कंप खाली पोहोचवणारी लाकडी पट्टी, ध्वनिफलकाच्या (तारांखालच्या पातळ लाकडी फळीच्या) मध्याकडे सरकला, जिथे लाकूड जास्त मोकळेपणाने थरथरतं. खर्ज भरदार झाला.

आजच्या ग्रँड पियानोत सगळ्या तारांचा मिळून ताण अठरा-वीस टनांच्या घरात जातो. हे ओझं तो बिडाचा सांगाडा उचलतो. दोन हजारांच्या सभागृहात शेवटच्या रांगेपर्यंत एकटा पियानो ऐकू जाऊ लागला तो या कामामुळे, आणि परीक्षकांनी पदक दिलं ते याच कामाला.

१८६७ च्या पॅरिस प्रदर्शनाचा एवढा गाजावाजा का होतो?

कारण अमेरिकी पियानोंनी युरोपच्या अंगणात येऊन युरोपला मागे टाकलं, आणि नंतर दोन अमेरिकी कंपन्या आपसातच भिडल्या.

स्टाइनवे आणि चिकरिंग या दोघांनाही सुवर्णपदक मिळालं. लंडनच्या ब्रॉडवुडला आणि व्हिएन्नाच्या श्ट्रायखरलाही मिळालं, पण चर्चा झाली ती अमेरिकनांची. त्यातच तिसऱ्या नेपोलियनने फ्रँक चिकरिंगला 'लीजन ऑफ ऑनर' या फ्रान्सच्या मानाच्या किताबाचा क्रॉस बहाल केला. झालं! चिकरिंगने जाहीर केलं की सुवर्णपदकाच्याही वरचा मान आपल्याला मिळाला, म्हणजे पहिला नंबर आपलाच. स्टाइनवेचं उत्तर तयार होतं. तो क्रॉस माणसाला मिळतो, वाद्याला नव्हे. वाद्यं पारखली परीक्षक मंडळाने, आणि त्या मंडळाच्या यादीत आपलं नाव आधी आहे. त्यांनी परीक्षकांची लेखी निवेदनं मिळवली आणि छापली. मंडळाचा अहवाल संगीतशास्त्रज्ञ फेतिस यांनी लिहिला होता. त्यातले आपल्या बाजूचे उतारे दोन्ही कंपन्या वेचून काढत राहिल्या.

न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांत ही जुगलबंदी पुढे बराच काळ चालली. माझं मत विचाराल तर या वादात कोण जिंकलं याला फारसं महत्त्व नाही. दोघांच्या भांडणामुळे सामान्य वाचकाला पहिल्यांदा कळलं की जगातला उत्तम पियानो आता बोस्टन-न्यूयॉर्कमध्ये बनतो. त्यानंतर युरोपातल्या कारखान्यांनीही बिडाचा सांगाडा आणि तिरप्या तारा झपाट्याने उचलल्या.

कंपनीतर्फे हे सगळं सांभाळत कोण होतं?

स्टाइनवेच्या बाबतीत एकच नाव, विल्यम स्टाइनवे. वडील हेन्री मूळचे जर्मनीतल्या हार्ट्झ डोंगराळ भागातले. १८५० साली ते कुटुंबासह न्यूयॉर्कला आले आणि १८५३ साली कंपनी काढली. १८६५ च्या मार्च महिन्यात घरावर आकाश कोसळलं. धाकटा हेन्री आणि चार्ल्स असे दोन मुलगे एकाच महिन्यात गेले. तेव्हा जर्मनीत राहिलेला थोरला थिओडोर आपला तिथला धंदा सोडून आला आणि त्याने कारखाना व संशोधन हाती घेतलं. विक्री, जाहिरात, वादकांशी बोलणी हे खातं विल्यमकडे गेलं. १८६१ पासून १८९६ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्याने रोजनिशी लिहिली. ती आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेकडे आहे आणि इंटरनेटवर कुणालाही वाचता येते. धंदा, घरची दुखणी, कामगारांचे संप, संध्याकाळची मैफल असं सगळं एकाच पानावर सापडतं. या विषयाची आवड असेल तर ती जरूर चाळा.

पियानो बनवणाऱ्याने सभागृह का बांधलं?

पदक कागदावर वाचून समजतं, आवाज मात्र ऐकावाच लागतो. १८६६ साली न्यूयॉर्कच्या चौदाव्या रस्त्यावर स्टाइनवे हॉल उघडला. दोन हजारांवर आसनं होती. मैफलीला आलेल्या माणसाला आसनापर्यंत जायचं तर वाट पियानोंच्या दालनातून. दोन्ही बाजूंना चकाकणारे ग्रँड आणि चौकोनी पियानो मांडलेले. तिकीट काढून आलेला रसिक जाताना ते पाहणार, आत दोन तास त्याच पियानोचा नाद ऐकणार आणि घरी जाताना पुन्हा त्याच दालनातून बाहेर पडणार. सोबत स्वतःची मुलगी असेल आणि ती पियानो शिकत असेल, तर वडिलांना पुढचं सांगायला विक्रेत्याची गरजच नव्हती.

पण ते केवळ दुकान नव्हतं. वाद्यवृंद-संचालक थिओडोर थॉमसचा वाद्यवृंद तिथे वाजला आणि विल्यमने त्याला वर्षानुवर्षं आधार दिला. चार्ल्स डिकन्सने १८६७ च्या डिसेंबरात तिथेच आपल्या पुस्तकांचं वाचन केलं. शहराला एक चांगलं सभागृह मिळालं. चिकरिंगनेही १८७५ साली फिफ्थ अव्हेन्यूवर स्वतःचा हॉल बांधला. ऑस्कर वाइल्डचं अमेरिकेतलं पहिलं व्याख्यान १८८२ साली त्याच हॉलमध्ये झालं.

युरोपात ही वाट जुनीच होती. संगीतकार-पियानोवादक शोपाँ पॅरिसमध्ये पहिल्यांदा लोकांसमोर वाजवायला बसला तो १८३२ साली, प्लेयेल कंपनीच्या दालनात. व्हिएन्नात १८७२ साली ब्योझेनडॉर्फर सभागृह उघडलं, तेही एका पियानो कारखानदाराचंच.

मोठ्या वादकांचे दौरे कंपन्या पैसे देऊन ठरवत होत्या, हे खरं आहे का?

हो, आणि उघडपणे. सगळ्यात गाजलेला दौरा रशियन पियानोवादक अँटोन रुबिनश्टाइनचा. १८७२-७३ मध्ये स्टाइनवेच्या पाठबळावर तो अमेरिकेत आला, सोबत व्हायोलिनवादक व्येन्याव्स्की. आठ महिन्यांत २१५ मैफली! अमेरिकेच्या कागदी नोटांवर त्याचा विश्वास नव्हता, म्हणून मानधन सोन्यात घेण्याचं ठरलं. प्रत्येक मैफलीला दोनशे डॉलर. गावोगावी स्टाइनवेचा पियानो आधी पोहोचायचा, वादक मागून. ज्या गावात कुणी बेथोव्हेनचा सोनाटा मैफलीत ऐकला नव्हता, तिथे रुबिनश्टाइनने तो वाजवला.

त्याच्याही आधी अमेरिकी पियानोवादक लुई मोरो गॉटशॉकने यादवी युद्धाच्या धामधुमीत आगगाडीतून दोन चिकरिंग ग्रँड बरोबर घेऊन देश पालथा घातला होता. पुढे १८९१ साली पोलिश पियानोवादक पादेरेव्स्की स्टाइनवेसाठी आला. त्याचा पहिला कार्यक्रम नव्याकोऱ्या कार्नेगी हॉलमध्ये झाला आणि त्याच्या केसांपासून बोटांपर्यंत सगळ्याची वर्तमानपत्रांत चर्चा झाली.

वादकांना ही जाहिरात खटकत नसे?

खटकायची. रुबिनश्टाइनने नंतर लिहून ठेवलं की एवढ्या धकाधकीत कलेला जागा उरत नाही, वाजवणारा यंत्र होतो. पैसे भरपूर मिळाले, तरी तो अमेरिकेला परत गेला नाही.

जर्मन पियानोवादक हान्स फॉन ब्यूलोचं प्रकरण जास्त भडकलं. १८७५-७६ च्या दौऱ्यात तो चिकरिंगचा वादक होता. चायकोव्हस्कीचा पहिला पियानो कॉन्चेर्तो (पियानो आणि वाद्यवृंदासाठीची रचना) जगात सर्वप्रथम वाजला तो याच दौऱ्यात, २५ ऑक्टोबर १८७५ रोजी बोस्टनमध्ये. न्यूयॉर्कच्या चिकरिंग हॉलचं उद्घाटनही त्यानेच केलं. पण पियानोच्या श्रोत्यांकडच्या बाजूला कंपनीच्या नावाची पाटी टांगलेली असायची, मोठी सोनेरी अक्षरं, शेवटच्या रांगेतूनही वाचता येतील अशी. बाल्टिमोरला तालमीच्या वेळी ब्यूलोने ती पाटी पाहिली आणि त्याचं पित्त खवळलं. मी चालतीबोलती जाहिरात नाही, असं म्हणत त्याने ती काढून फेकून दिली, अशी हकीकत तेव्हाच्या वर्तमानपत्रांत छापून आली. ठरलेल्या १७२ पैकी १३९ कार्यक्रमांनंतर प्रकृतीमुळे दौरा आटोपता घ्यावा लागला.

ब्यूलोचा राग समजण्यासारखा आहे. तरी पाटी टांगणारे नसते तर तो कॉन्चेर्तो त्या संध्याकाळी बोस्टनमध्ये वाजलाच नसता, हेही तितकंच खरं.

फिलाडेल्फियाच्या १८७६ च्या प्रदर्शनात नेमकी भानगड काय झाली?

अमेरिकेच्या शतसांवत्सरिक प्रदर्शनाच्या आयोजकांनी पॅरिसचा धडा घेऊन ठरवलं की वरखाली दर्जाची पदकं द्यायचीच नाहीत. सगळ्यांना एकसारखं कांस्यपदक आणि सोबत परीक्षकांचा लेखी अभिप्राय. हेतू चांगला होता. पण 'सर्वात श्रेष्ठ' म्हणवून घ्यायची सवय लागलेल्यांना ते पुरेना. परीक्षकांनी आपापसात टिपून ठेवलेले गुण बाहेर फुटले. न्यूयॉर्कच्या वेबर कंपनीने आपले गुण सगळ्यांत जास्त असल्याचं छापलं. स्टाइनवेने परीक्षकांच्याच सहीची निवेदनं पुढे केली. सगळ्यांना सारखंच पदक, तरीही प्रत्येकाच्या जाहिरातीत तो एकटाच अव्वल!

पदकाशिवाय कुणी गाजलं का?

१८९३ चं शिकागोचं कोलंबियन प्रदर्शन बघा. जागावाटप आणि परीक्षणाच्या पद्धतीवरून बिनसलं आणि स्टाइनवेसह पूर्वेकडच्या अनेक कंपन्यांनी भागच घेतला नाही. आयोजकांनी फर्मान काढलं की प्रदर्शनात सामील नसलेल्यांचा पियानो आवारात वाजणार नाही. संगीत विभागाचा प्रमुख होता थिओडोर थॉमस आणि पाहुणा होता पादेरेव्स्की. पादेरेव्स्कीने स्टाइनवेशिवाय वाजवायला नकार दिला, थॉमस त्याच्या पाठीशी उभा राहिला आणि मे महिन्याच्या सुरुवातीला मैफल स्टाइनवेवरच झाली. वाद इतका चिघळला की चौकशी बसली. आर्थिक अडचणीही वाढत होत्या. ऑगस्टमध्ये थॉमसने पद सोडलं.

स्टाइनवेला त्या वर्षी पदक नव्हतं. तरी आठवडेच्या आठवडे वर्तमानपत्रांत नाव त्यांचंच होतं. पण याची किंमत थॉमससारख्या सच्च्या संगीतकाराने मोजली, हे विसरता कामा नये. शिकागोच्या लोकांना मोठं संगीत स्वस्तात ऐकवण्याचे त्याचे बेत त्या उन्हाळ्यात अर्धवट राहिले.

लिस्टसारख्यांची प्रशस्तिपत्रं खरी मानायची का?

खरी, पण एकट्या कंपनीची मक्तेदारी म्हणून नव्हे. त्या काळचा सर्वांत नावाजलेला पियानोवादक-संगीतकार लिस्ट याने एरार्डला वाखाणलं, ब्योझेनडॉर्फरला वाखाणलं, बेखश्टाइनला, चिकरिंगला आणि स्टाइनवेलाही. फ्रँक चिकरिंगने १८६७ नंतर रोमला त्याच्याकडे ग्रँड पोहोचवला, तेव्हा लिस्टने मनापासून दाद दिली. तो उदार माणूस होता, आणि पियानो खरोखरच वर्षागणिक सुधारत होते. म्हणून अशा पत्राची तारीख बघावी आणि तेव्हाच्या पियानोत नवीन काय होतं ते बघावं.

संगीतशिक्षकांचा यात वाटा किती?

मोठा. घरातल्या मुलीने कोणता पियानो घ्यावा हे शेवटी तिची शिक्षिका सांगायची, आणि शिफारशीतून विक्री झाली की शिक्षकाला दलाली मिळायची. सगळ्या धंद्याला हे ठाऊक होतं.

मिळत्याजुळत्या नावांचे पियानो दिसतात. ते नकली का?

काही नकली, काही अगदी अस्सल. स्वस्तात पियानो बनवायचा आणि गिऱ्हाईक सांगेल ते नाव वर छापायचं, असा धंदा अमेरिकेत जोरात होता. न्यूयॉर्कचा जोसेफ हेल त्यात आघाडीवर होता. प्रतिष्ठित नावाशी जवळीक साधणारी नावं त्यातूनच आली.

पण ग्रोट्रियान-श्टाइनवेग दिसला तर घाई करू नका. थिओडोर स्टाइनवेने न्यूयॉर्कला जाताना ब्राउनश्वाइगचा आपला धंदा ज्यांना विकला, त्यांच्या घराण्याचा तो पियानो आहे, आणि उत्तम आहे. नावावरून अमेरिकेत विसाव्या शतकात खटलाही झाला.

मुंबईत किंवा गोव्यात घरी जुना पियानो आहे. त्यावरची पदकं कशी वाचायची?

आपल्याकडच्या पारशी, ख्रिस्ती आणि संस्थानी घरांत आलेले बरेच पियानो लंडनचे, ब्रॉडवुड, कोलार्ड अँड कोलार्ड किंवा ब्रिन्समीड यांचे. ब्रिन्समीडवर 'लीजन ऑफ ऑनर'चा उल्लेख असेल तर तो १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनातला.

छापलेलं शेवटचं साल आधी बघा. पियानो त्या सालानंतर बनला एवढं नक्की. नेमकं वर्ष हवं असेल तर सांगाड्यावर किंवा ध्वनिफलकावर कोरलेला क्रमांक शोधा. जुन्या कंपन्यांच्या क्रमांकांच्या याद्या उपलब्ध आहेत. मग पदकाचा दर्जा तपासा. १८५१ च्या लंडन प्रदर्शनातली पदकं सगळी कांस्याची होती आणि १८६२ च्या लंडनमध्ये पदकाचा एकच दर्जा होता. त्या सालांपुढे कुणी 'सुवर्णपदक' लिहिलं असेल तर ते दुकानदाराच्या पदरचं समजा. फ्रेंच पियानोवर 'ऑर कोंकूर' असं आढळलं तर अर्थ असा की कंपनीतला कुणी परीक्षक मंडळात असल्याने किंवा अशाच कारणाने ती स्पर्धेबाहेर होती. पदक नाही, पण कमीपणाही नाही.

पदकं असली की पियानोची किंमत जास्त येते का?

नाही. पदक त्या कारखान्याच्या त्या वर्षीच्या नमुन्याला मिळालं होतं, तुमच्या घरातल्या पियानोला नव्हे. किंमत ठरते ती तारा ताणून धरणाऱ्या खुंट्या घट्ट धरणारं लाकूड शाबूत आहे का, ध्वनिफलकाला चिरा आहेत का, बिडाच्या सांगाड्याला तडा गेलाय का, यावर. कोकणपट्टीच्या दमट हवेत तारा गंजतात, नमद्याला कसर लागते, गोंद सुटतो. विकण्याआधी चांगल्या ट्यूनरला बोलवा आणि त्याला झाकणावरची पदकं न दाखवता आधी खुंट्या तपासायला सांगा. खुंट्या धरत असतील तर दुरुस्तीचा खर्च करण्यात अर्थ आहे. धरत नसतील तर खर्चाचा आकडा आधी लिहून घ्या. आणि दुरुस्ती झालीच, तर झाकणाच्या आतलं ते सोनेरी छापकाम पॉलिशवाल्याला घासू देऊ नका.